पोकेमॉन कार्डचं दुकान: बॉक्स साठवायचे की टेबल मांडायचं?



गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत ट्रेडिंग कार्डच्या धंद्यावर मी बारा मिनिटं बोलले आणि नंतर लक्षात आलं, मुख्य भाग राहूनच गेला. आकडेमोड! व्हिडिओत आकडे सुरू केले की अर्धी मंडळी पळतात, म्हणून ती इथे लिहून देते. वही-पेन घेऊन बसा.

हा विषय निघाला एका मेसेजमुळे. चोवीस वर्षांचा मुलगा. त्याने लिहिलं होतं, "ताई, तीन लाख आहेत. पप्पांचे, व्हीआरएसचे. दोन लाखांचे पोकेमॉनचे सीलबंद बॉक्स घेऊन ठेवतो, दोन वर्षांनी विकतो. उरलेल्या लाखात छोटं दुकान. चालेल ना?" सोबत भाव कसे वर गेलेत त्याचे चार स्क्रीनशॉट.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण २०२१ मध्ये मी हेच केलं होतं. तेव्हा माझ्याकडेही असेच स्क्रीनशॉट होते. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी खेळ कळू द्या

ज्या मालाचा खेळ आपल्याला कळत नाही तो माल विकायला घेऊ नये. काउंटरवर नऊ वर्षांचं पोरगं येतं, "हे कार्ड डेकमध्ये चालेल का?" विचारतं, आणि आपण बावळटासारखं बघत बसतो.

माझ्या वयाच्या मंडळींना ट्रम्प कार्डं आठवत असतील. कुस्तीवाल्यांची. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. त्यात गड्डी एकच, दुकानातून आणली की सगळ्यांना तीच. एकदा घेतली की गिऱ्हाईक दोन वर्षं फिरकायचं नाही. दुकानदाराच्या नजरेने बघितलं तर तो मेलेला धंदा.

१९९३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ आणला आणि दोन गोष्टी बदलल्या. एक, प्रत्येक खेळाडू स्वतःची गड्डी स्वतः बांधून आणणार. तिलाच डेक म्हणतात. दोन, कार्डं मिळणार बंद पाकिटात, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे हवं ते कार्ड मिळवायला एकतर आणखी पाकिटं घ्या, नाहीतर दुसऱ्याशी अदलाबदल करा. 'ट्रेडिंग' शब्द इथला आहे, शेअर बाजारातला नाही. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ हा शब्द चुकीचा समजल्याने होतो.

पोकेमॉनचं कार्ड गेम जपानमध्ये १९९६ ला आलं, इंग्रजीत १९९९ च्या जानेवारीत. कोनामीचं यू-गी-ओह पण त्याच काळातलं. पोकेमॉनचा नियम थोडक्यात असा: डेक बरोबर ६० कार्डांचा. एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं, फक्त साध्या एनर्जी कार्डांना ही मर्यादा नाही. सुरुवातीला दोघेही आपापल्या डेकमधली सहा कार्डं पालथी बाजूला ठेवतात, त्यांना प्राइझ कार्डं म्हणतात. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या प्राइझमधलं कार्ड उचलायचं. सहाही आधी उचलणारा जिंकला. (जिंकायच्या आणखी दोन वाटा आहेत, त्या पोरं तुम्हाला शिकवतील.)

'चार कार्डं' या नियमातच आपला धंदा आहे. मुलाकडे एक चांगलं कार्ड आहे, पण डेक नीट चालायला त्याला तसली चार हवीत. म्हणून तो परत येतो. ट्रम्प कार्डवाला यायचा नाही.

तीन प्रकारचं गिऱ्हाईक

पहिला खेळणारा. त्याला कार्ड देखणं नसलं तरी चालतं, उपयोगी हवं. तो दर आठवड्याला येतो आणि थोडं थोडं घेतो. पाकीट, स्लीव्ह म्हणजे कार्डाची प्लास्टिकची पिशवी, डेक ठेवायची डबी, कधी एखादं सुटं कार्ड.

दुसरा जमवणारा. त्याला चित्र हवं, संच पूर्ण हवा, कार्डाचे कोपरे शाबूत हवेत. तो महिन्यातून एकदा येतो, पण आला की मोठी खरेदी करतो. यात नोकरीवाली मंडळी भरपूर आहेत, लहानपणी टीव्हीवर पोकेमॉन बघायचे आणि तेव्हा घरून पैसे मिळायचे नाहीत. माझ्याकडे एक बँकेतले साहेब येतात, पाकीट दुकानात फोडत नाहीत. घरी मुलगी झोपल्यावर फोडतात म्हणे.

तिसरा भाववाला. त्याला खेळाशी घेणं नाही, चित्राशीही नाही. त्याचं लक्ष फक्त भावावर. तो एकदम सहा बॉक्स उचलतो, आपल्याला वाटतं लक्ष्मी आली. पण भाव पडला की तेच बॉक्स तो आपल्यापेक्षा स्वस्तात ऑनलाइन टाकतो आणि आपलाच स्पर्धक होतो.

दुकान कोणाच्या जिवावर चालवायचं हे आधी ठरवावं लागतं. मी ठरवलं नव्हतं. उलट मी स्वतःच तिसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक झाले.

१९९४ ला अमेरिकेतल्या दुकानदारांचं काय झालं

मॅजिकचा पहिला संच १९९३ च्या ऑगस्टमध्ये आला, सुमारे २६ लाख कार्डांचा. बघता बघता संपला. पुढचे संचही असेच. दुकानदार शंभर बॉक्स मागायचे, हातात वीस-पंचवीस पडायचे. मग दुकानदाराने काय केलं? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. वीस हवे असतील तर शंभर मागायचे. सगळ्यांनीच आकडा फुगवला.

१९९४ च्या नोव्हेंबरमध्ये 'फॉलन एम्पायर्स' नावाचा संच आला. या वेळी कंपनीने ऑर्डरीप्रमाणे माल छापला आणि पाठवून दिला. ३५ कोटींच्या आसपास कार्डं! शंभर मागणाऱ्याच्या दारात खरोखर शंभर बॉक्स. आणि संचही खेळायला फार जोरदार नव्हता. पाकिटं वर्षानुवर्षं दुकानांतून पडून राहिली, छापील किमतीच्या खाली विकावी लागली. तीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक कार्डं अजूनही चिल्लर भावात मिळतात. जुनं म्हणजे महाग, असं ज्याच्या डोक्यात बसलंय त्याने हे उदाहरण लिहून घ्यावं.

पुढच्याच वर्षी, १९९५ ला, 'क्रॉनिकल्स' नावाच्या संचात कंपनीने जुनी दुर्मीळ कार्डं परत छापली. खेळणारी पोरं खूश, जमवणारे संतापले, कारण त्यांच्या जपलेल्या कार्डांचा भाव उतरला. इतका आरडाओरडा झाला की १९९६ मध्ये कंपनीला यादी जाहीर करावी लागली, ही कार्डं आम्ही पुन्हा छापणार नाही म्हणून. ती 'रिझर्व्ह्ड लिस्ट' आजही पाळली जाते. पण ती मॅजिकची, आणि तीही जुन्या कार्डांची. पोकेमॉनसाठी असं कोणतंही वचन कोणी दिलेलं नाही. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे २०२३-२४ या एका वर्षात सुमारे १,१९० कोटी पोकेमॉन कार्डं छापली गेली.

आपण तांदूळ साठवला तर पाऊस बघायचा असतो. कार्ड साठवलं तर छापखाना बघावा लागतो, आणि तो जपानच्या कंपनीच्या हातात आहे. ती आपल्याला फोन करून सांगणार नाही की ताई, पुढच्या महिन्यात पुन्हा छापतोय.

माझे एक लाख तेहतीस हजार

माझं दुकान नाशिकला, शाळेच्या गल्लीत. स्टेशनरी, गिफ्ट, थोडी खेळणी. २०२० ला शाळा बंद झाल्या आणि गल्ला बसला. त्याच काळात जगभर पोकेमॉनचं वेड परत आलं. घरी बसलेले लोक जुन्या वह्या-पेट्या उघडत होते, मोठमोठे यूट्यूबवाले कॅमेऱ्यासमोर पाकिटं फोडत होते. २०२१ ला अमेरिकेत कार्डांवरून मारामारी झाल्यावर टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने काही काळ दुकानात कार्डं विकणंच थांबवलं. मी म्हटलं, चला, ही आपली गाडी.

क्रेडिट सोसायटीतून १२ टक्क्यांनी कर्ज काढलं आणि १४ बॉक्स घेतले, प्रत्येकी ९,५०० ला. एकूण १,३३,०००. आईला सांगितलं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले, ओल लागू नये म्हणून सिलिकाच्या पुड्या वगैरे टाकून. एवढी काळजी मी घरच्या कागदपत्रांची घेत नाही.

पुढच्या वर्षी तोच संच पुन्हा छापून आला. भाव उतरला. मी वाट बघत राहिले. हप्ता मात्र वाट बघत नव्हता. २०२२ च्या जूनमध्ये दोन वर्षांनी शाळा पूर्णपणे सुरू झाल्या. स्टेशनरीवाल्याचं अख्खं वर्ष त्या तीन आठवड्यांवर चालतं. वह्यांच्या होलसेलरने उधारी बंद केली होती, रोख मागत होता. आणि माझी रोख फळीवर, सिलिकाच्या पुड्यांसोबत!

बॉक्स ६,८०० ने विकले. हिशोब करा. ९५,२०० हातात आले, म्हणजे ३७,८०० तोटा. मुद्दल शेवटी फेडलं, त्यामुळे १४ महिन्यांचं व्याज १८,६२०. एकूण ५६,४२०. पैसे येईपर्यंत जूनचे दहा दिवस निघून गेले. पाचवीपासून माझ्याकडे वह्या घेणाऱ्या एक बाई दुसऱ्या दुकानाची पिशवी घेऊन माझ्या दारावरून गेल्या. त्यांनी नजर चुकवली, मीही.

आता जे सांगते ते मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला एकच बाजू दाखवली तर ते खोटं होईल. २०२५ पर्यंत जुन्या सीलबंद बॉक्सचे भाव पुन्हा वर गेले. मी विकलेले ते बॉक्स आज असते तर नफा झाला असता, आणि चांगला झाला असता. माझा अंदाज चुकला नव्हता, मंडळी. माझ्याकडे चार वर्षं थांबायला पैसा नव्हता. दुकानदाराला भाडं दर महिन्याला, हप्ता दर महिन्याला, जून दर वर्षाला. ज्याला थांबता येतं त्याची ती गुंतवणूक. आपल्याला थांबता येत नाही, म्हणून आपल्यासाठी तो अडकलेला माल.

बीबीएला 'वर्किंग कॅपिटल' वर मला चांगले मार्क होते. मराठीत त्याला खेळतं भांडवल म्हणतात, तो शब्द मला खऱ्या अर्थाने त्या जूनमध्ये कळला.

टेबलाचा हिशोब

पैसे बुडाल्यावर कार्डं बंद करणार होते. पण काही सुटी पाकिटं शिल्लक होती आणि तीन-चार मुलं शनिवारी येऊन दुकानाच्या पायरीवर बसून खेळायची. एकदा पाऊस आला म्हणून त्यांना आत बसवलं. त्या दोन तासांत त्यांनी सात पाकिटं घेतली. दुकानात कार्डं तीच होती, फक्त बसायला जागा मिळाली.

यात मी काही शोध लावला नाही. मॅजिकवाल्या कंपनीने २००० सालापासून दुकानांसाठी 'फ्रायडे नाइट मॅजिक' हा साप्ताहिक कार्यक्रम चालवला, तो याचसाठी. खेळायला माणूस नसेल तर डेक बांधून करायचं काय? बुद्धिबळाचा पट घरी धूळ खातो तो जोडीदार नसतो म्हणून. दुकानाने जोडीदार पुरवला की माल आपोआप निघतो.

आता माझ्या दुकानाचे आकडे. दोन फोल्डिंग टेबलं, सहा बाकडी, शनिवार संध्याकाळी चार ते सात, सरासरी १२ मुलं. पाकीट मला २७० ला पडतं, ३५० ला विकते.

प्रवेश फी प्रत्येकी १००, म्हणजे १,२००. बक्षीस म्हणून तीन पाकिटं देते, त्यांची खरेदी किंमत ८१०. उरले ३९०. त्या तीन तासांत साधारण १८ पाकिटं विकली जातात, प्रत्येकी ८० सुटतात, म्हणजे १,४४०. स्लीव्हचे सहा संच, प्रत्येकी ६० सुटतात, म्हणजे ३६०. एकूण २,१९०. मदतीला कॉलेजचा एक मुलगा असतो, त्याला ६०० देते. राहिले १,५९०. चार शनिवारांचे ६,३६०.

एवढंच? हो, एवढंच. यावर घर चालत नाही. कोणी तुम्हाला सांगत असेल की कार्डांवर महिन्याला लाख सुटतात तर त्याला बिलबुक दाखवायला सांगा.

पण आता दुसरी बाजू बघा. यासाठी माझ्याकडे कधीही ४० पाकिटांपेक्षा जास्त माल नसतो. ४० गुणिले २७०, म्हणजे १०,८०० रुपये. महिन्याला विक्रीची ७२ आणि बक्षिसाची १२ अशी ८४ पाकिटं जातात. म्हणजे तेच १०,८०० महिन्यातून दोनदा फिरतात आणि सहा हजार घेऊन घरी येतात. फळीवरचे १,३३,००० चौदा महिने जागचे हलले नाहीत आणि वर छप्पन्न हजार खाऊन गेले. (टेबलांचा आणि विजेचा खर्च मी धरलेला नाही. तुम्ही जागा नव्याने भाड्याने घेणार असाल तर भाडं यात नक्की धरा. माझी जागा स्टेशनरीचीच आहे, शनिवारी चारनंतर तशीही गर्दी नसते.)

आणि त्या शनिवारी आया येतात. पोरगं खेळतंय तोवर उभ्या राहून काय करणार? कंपासपेटी घेतात, गिफ्ट रॅप घेतात. तो गल्ला मी वेगळा मोजलेला नाही, पण जाणवतो.

"बॉक्स फोडून सुटी कार्डं विकली तर?"

हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजी पोकेमॉनच्या बॉक्समध्ये ३६ पाकिटं, पाकिटात १० कार्डं, म्हणजे ३६० कार्डं. मी एकदा ९,५०० चा बॉक्स फोडून बघितला. विकण्यासारखी कार्डं निघाली १९. सगळी मिळून ६,२०० ला गेली आणि त्याला पाच महिने लागले. उरलेली तीनशेच्या वर कार्डं आजही डब्यात आहेत, नव्या मुलांना शिकायला देते. कधी एखाद्या बॉक्समध्ये मोठं कार्ड निघतं, नाही असं नाही. पण मग तो धंदा राहत नाही, सोडत होते.

सुटी कार्डं ठेवायचीच तर गिऱ्हाइकाकडून घ्या. माझा दर साधा आहे: मी ज्या किमतीला विकू शकेन त्याच्या निम्मे रोख, किंवा ६५ टक्के दुकानातल्या खरेदीत वळते. बहुतेक जण ६५ वाला पर्याय घेतात, रोख घरातच राहते.

पण इथे एक खड्डा आहे. एकदा सहावीतल्या मुलाने कार्ड आणलं, मी ५०० देऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील हजर, सोबत रडवेला चुलतभाऊ. कार्ड त्याचं होतं. बिझनेस लॉच्या पेपरात आपण सगळ्यांनी मोहरी बीबीचा खटला घोकलाय, १९०३ चा. अज्ञानाशी केलेला करार रद्दबातल. १८ वर्षांखालच्या मुलाशी व्यवहार, तोही दुसऱ्याच्या कार्डाचा, मी कुठल्या तोंडाने भांडणार? कार्ड परत केलं, ५०० परत मागितले नाहीत. तेव्हापासून नियम: मुलाकडून कार्ड विकत घ्यायचं तर पालक समोर हवेत.

दुसरा नियम टेबलावरचा. मुलांची आपसातली अदलाबदल काउंटरवर दाखवल्याशिवाय पक्की होत नाही. मोठी पोरं लहानांना चमचमणारं फालतू कार्ड देऊन चांगलं काढून घेतात. एकदा असं झालं की ते लहान पोरगं आणि त्याची आई दोघंही कायमची जातात. तिसरा नियम: रोख बक्षीस नाही, पैज नाही, 'चिठ्ठी उचला, कार्ड जिंका' नाही. कोणी कितीही म्हटलं तरी. १९९९ ला अमेरिकेतल्या अनेक शाळांनी पोकेमॉन कार्डांवर बंदी घातली ती भांडणं, चोऱ्या आणि फसवाफसवीमुळेच. आपलं दुकान शाळेच्या गल्लीत आहे, मुख्याध्यापकांचा एक फोन आला की टेबल बंद.

नकली माल

आपल्याकडे शाळेबाहेर सोनेरी कार्डांचा गठ्ठा दोनशे-तीनशेला मिळतो, तो नकली. सरळ सांगते. धातूची अधिकृत कार्डंही आली आहेत, २०२१ च्या 'सेलिब्रेशन्स'च्या सर्वात महागड्या संचात दोन होती, पण ती गठ्ठ्याने मिळत नाहीत.

ओळखायचं कसं? मागच्या बाजूचा निळा रंग खऱ्या कार्डाशेजारी ठेवून बघा, नकलीत फिका किंवा जांभळट असतो. पोकेमॉन या इंग्रजी नावात 'ई' वर छोटी तिरकी रेघ असते, नकलीवर ती पुष्कळदा गायब असते. अक्षरं जाड-बारीक असतात, शब्द चुकलेले असतात. आणि खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये काळपट पातळ थर असतो. एखादं फालतू खरं कार्ड फाडून कडेने बघून ठेवा, म्हणजे डोळ्याला सवय होते.

सीलबंद बॉक्सवरही डोळे झाकून विश्वास नको. लोगन पॉल या प्रसिद्ध यूट्यूबवाल्याने ३५ लाख डॉलर मोजून पहिल्या आवृत्तीच्या बॉक्सची पेटी घेतली होती. २०२२ च्या जानेवारीत उघडली तर आत भलत्याच खेळण्यांची, जी. आय. जो ची कार्डं! तपासून प्रमाणित केलेला माल होता तो. सुटी पाकिटं अनोळखी माणसाकडून तर कधीच घेऊ नका. जुन्या पाकिटांचं वजन करून भारी कार्डाची पाकिटं आधीच बाजूला काढायची युक्ती फार जुनी आहे, मग आपल्या वाट्याला गाळ येतो.

"पण ताई, नकली गठ्ठ्यावर मार्जिन दुप्पट आहे." माहितीये. ट्रेडमार्क्स ॲक्ट १९९९ चं कलम १०४ वाचा. खोटं ट्रेडमार्क असलेला माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या टेबलावर अर्धी पोरं नकली कार्डं घेऊन बसलीत तिथे खऱ्या कार्डाला साडेतीनशे कोण देईल? बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल फाइलला लावा. आयात मालाचा एचएसएन कोड आणि जीएसटीचा दर सीएकडून लिहून घ्या, तोंडी नको.

त्या दादाला मी काय लिहिलं

चार दिवसांनी उत्तर दिलं. तेच इथे देते, कारण त्याच्यासारखे आणखी पाच-सहा जण असणार.

दादा, तीन लाखांतले अडीच लाख पप्पांच्या नावावर बँकेत राहू दे, त्याला हात लावू नकोस. पन्नास हजारांत सुरू कर. वीस हजारांचा माल: पाकिटं, स्लीव्ह, डब्या, दोन-तीन तयार डेक नवशिक्यांसाठी. आठ हजार टेबल-बाकड्यांना, जुनी मिळतात, मंडपवाल्याकडे विचार. बावीस हजार गल्ल्यात राखीव, ज्या महिन्यात परीक्षा असतात त्या महिन्यांसाठी. मार्चमध्ये टेबल रिकामं असतं, हे तुला कोणी सांगणार नाही. स्वतंत्र गाळा घेऊ नकोस. ओळखीच्या स्टेशनरीवाल्याला, कॅफेवाल्याला शनिवारचे तीन तास माग, बदल्यात त्याला विक्रीतला हिस्सा दे.

आणि तुला बॉक्स साठवायची हौस असेलच, तर एक ठेव. स्वतःच्या कमाईतून घेतलेला. दुकानाच्या हिशोबात लिहू नकोस, घरी ठेव, आणि विसरून जा.

त्याने लिहिलं, "ताई, ५० हजारांत काय होणार, स्पर्धा खूप आहे." मी विचारलं, तुझ्या गावात आत्ता किती मुलं हा खेळ खेळतात? त्याला माहीत नव्हतं. दोन लाखांचे बॉक्स घ्यायला निघालेल्या माणसाला खेळणारे किती ते माहीत नव्हतं. त्याला हसू नका, मलाही नव्हतं.

म्हणून या वेळचा गृहपाठ त्याला दिला तोच सगळ्यांना. पुढचे दोन शनिवार तुमच्या भागातल्या शाळेजवळ किंवा सोसायटीच्या बागेत संध्याकाळी जाऊन बसा. तीन रकाने करा: कार्डं हातात असलेली मुलं किती, त्यातली खरोखर नियमाने खेळणारी किती, आणि खरी कार्डं असलेली किती. तिसऱ्या रकान्यात आठच्या खाली आकडा आला तर आधी खेळ शिकवावा लागेल, माल नंतर. आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्या दादाने पहिल्या शनिवारचे पाठवलेत: २३, ६, ४. दुसऱ्या शनिवारी तो स्वतःचा जुना डेक घेऊन बसणार आहे म्हणाला.